विचारणारालाच प्रश्न

माणसासमोर कॅमेरा ठेवून "आपण सुखी आहांत काय?" असें विचारलें, तर तो मनांतलें बोलेल कीं कॅमेऱ्यासाठीं बोलेल? झां रूश व एडगर मोरां या फ्रेंच गृहस्थांनीं १९६० च्या उन्हाळ्यांत पॅरिसच्या नागरिकांना हाच प्रश्न विचारून एक माहितीपट रचला. तो त्यांनीं बोलणारांनाच दाखविला आणि त्यांचीं प्रतिकूल मतेंही चित्रांत घातलीं.

याच जातीचा, परंतु कितीतरी कडवट, मुंबईचा माहितीपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५). त्याची पार्श्वभूमि अशी : पदपथांवर राहणारांना उठवून आपापल्या गांवीं धाडण्याचें राज्य सरकारनें जुलै १९८१ मध्यें ठरविलें. पण गांवीं होतें काय? १९७२ च्या दुष्काळांत धाराशिव-बीडकडून शहरांकडे निघालेलीं कुटुंबें कांहीं हौसेनें निघालीं नव्हतीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांतच येतो, असें १० जुलै १९८५ च्या निकालानें मानलें. तथापि पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही दिली.

या चित्रांत अधिकारी बोलतात, सुखवस्तु लोक बोलतात, आणि ज्यांचीं खोपटीं मोडलीं तेही बोलतात. शाहीर विलास घोगरे यांचें गाणेंही ऐकूं येतें. सुखवस्तूंची भाषा सभ्य आहे. ऐकवत नाहीं ती नेमकी तीच.

पण सर्वांत बोलकी मुलाखत निराळीच आहे. एक बाई चित्र घेणारालाच धारेवर धरते. गरिबांचीं चित्रें काढून तुमचें नांव होईल, आमच्या पदरांत काय पडणार, हा तिचा रोख. एवढा तुकडा कापून टाकणें दिग्दर्शकाला सहज शक्य होतें; त्यानें तो ठेवला. पॅरिसमध्यें मत मागितलें गेलें, तेंही चित्र संपल्यावर. येथें तें न मागतां, भर रस्त्यांत आलें, आणि त्याला द्यावें असें उत्तर विचारणाराजवळ नव्हतें.

चित्राला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तें घेण्यास पटवर्धनांनीं झोपडी गमावलेल्या एका बाईला पाठविलें. १९८६ मध्यें संजय गांधी नगरांतील झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हां तेथील रहिवाशांबरोबर पटवर्धन व शबाना आझमी उपोषणास बसले. अखेर त्या कुटुंबांना गोरेगांवीं जागा मिळाली.