परकीय चलनाचे सौदे आणि बातम्यांचे पंचांग

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चाकण म्हटले की पूर्वी कांदा-बटाट्याचा बाजार डोळ्यांसमोर यायचा. तो बाजार आजही भरतो. पण गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्याभोवती वाहनउद्योगाचा मोठा पट्टा उभा राहिला आहे. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे अनेक लहान-मध्यम कारखाने आले. त्यांतला कोणी युरोपला माल पाठवतो, कोणी अमेरिकेला, तर कोणी जपानहून यंत्र मागवतो. ज्याने शेअर बाजाराची पायरीही कधी चढली नाही, असा कारखानदार मग आपसूकच परकीय चलनाच्या व्यवहारात येऊन पडतो. त्याचे येणे डॉलरमध्ये असते किंवा देणे येनमध्ये असते; कामगारांचा पगार आणि विजेचे बिल मात्र रुपयांत.

समजा, पन्नास हजार डॉलरचा माल पाठवला आणि पैसे नव्वद दिवसांनी यायचे आहेत. डॉलरचा भाव एका रुपयाने इकडेतिकडे झाला, की पन्नास हजार रुपयांचा फरक पडतो. दोन रुपयांनी भाव उतरला तर लाख रुपये गेले. ज्या धंद्यात शंभर रुपयांच्या मालावर पाच-सहा रुपये सुटतात, तिथे हा लाख रुपया थेट नफ्यातून जातो. यंत्रावर घासाघीस करून मिळवलेली बचत बँकेच्या खिडकीवर निघून जाते.

हा धोका पूर्णपणे टाळता येत नाही, पण तो कोणत्या दिवशी वाढणार आहे हे बऱ्याच अंशी आधी कळू शकते. त्यासाठी वापरतात ते आर्थिक बातम्यांचे वेळापत्रक. याला चलनबाजाराचे पंचांग म्हणायला हरकत नाही.

आकड्यापेक्षा अंदाज महत्त्वाचा

या वेळापत्रकात तारीख, वेळ, देश आणि बातमीचे नाव असते. त्यापुढे तीन रकाने असतात: मागचा आकडा, अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा. नवखा माणूस फक्त शेवटचा रकाना पाहतो. जाणकार माणूस शेवटचे दोन ताडून पाहतो.

याचे कारण चाकणच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. उद्या कांद्याची मोठी आवक होणार अशी कुणकुण लागली, की भाव आजच उतरतो. उद्या गाड्या खरोखरच तितक्या आल्या तर भावात फारसे काही घडत नाही. अंदाजापेक्षा निम्म्याच गाड्या आल्या, तर मात्र भाव उसळतो. चलनाचेही असेच आहे. अमेरिकेत व्याजदर घटणार हे सगळ्यांनी गृहीत धरले असेल, तर प्रत्यक्ष कपात होऊनही डॉलर हलत नाही. कधी कधी उलट वधारतो. म्हणून पंचांग ‘केव्हा’ ते सांगते, ‘कोणत्या दिशेने’ ते सांगत नाही. दिशा ओळखण्यासाठी ते वापरायला गेलेला माणूस फसतो.

कोणत्या तारखा पाहायच्या?

वेळापत्रकात रोज डझनभर नोंदी असतात. त्या सगळ्यांची आपल्याला गरज नाही. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दोन महिन्यांनी बसते आणि गव्हर्नर सकाळी दहा वाजता निर्णय सांगतात. आपल्या किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या वर्षाला आठ ठरलेल्या बैठका होतात. अमेरिकेचा रोजगार अहवाल बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, तर तिथल्या महागाईचा आकडा महिन्याच्या मध्याच्या आसपास. ज्याचा व्यवहार युरोत आहे त्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या बैठका पाहाव्यात, ज्याचा येनमध्ये आहे त्याने बँक ऑफ जपानच्या. त्याही वर्षाला आठ असतात.

आता घड्याळाकडे पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्या देशातला बँकांमधला चलनबाजार सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन चालतो. अमेरिकेचा रोजगार अहवाल उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो. फेडरल रिझर्व्हचा निर्णय उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला जाहीर होतो. म्हणजे मोठ्या बातम्या येतात तेव्हा आपला मुख्य बाजार बंद असतो. सकाळी नऊला तो उघडतो, तेव्हा भाव पायरीपायरीने नव्हे, तर एकदम उडी मारूनच बदललेला दिसतो. शुक्रवारच्या अहवालाचे उत्तर तर सोमवारी सकाळीच मिळते. त्यामुळे ‘बातमी ऐकून मग ठरवू’ हे म्हणणे कारखानदाराच्या बाबतीत फसवे आहे. त्याने ठरवायची वेळ म्हणजे बातमीआधीच्या दुपारचे साडेतीन.

एक उदाहरण २०२४ चे आहे. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर पाव टक्क्यावर नेला. त्याच रात्री फेडरल रिझर्व्हची बैठक संपली आणि सप्टेंबरमध्ये कपातीचे संकेत मिळाले. २ ऑगस्टला, शुक्रवारी, अमेरिकेचा रोजगार अहवाल आला. सुमारे पावणेदोन लाख नव्या नोकऱ्यांची अपेक्षा होती, आकडा आला एक लाख चौदा हजारांचा. सोमवारी, ५ ऑगस्टला, जपानचा निक्केई निर्देशांक बारा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि येन झपाट्याने वधारला. ३० जुलैला शंभर येनला साधारण ५४-५५ रुपये पडत होते. आठवडाभरात ते ५८ च्या आसपास गेले. दोन कोटी येनच्या यंत्राचे देणे असलेल्या खरेदीदाराला हा फरक सात लाखांच्या घरातला. येन वर जाईल की खाली, हे २९ जुलैला कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण तीन मोठ्या नोंदी एकाच आठवड्यात आहेत, हे वेळापत्रकात सर्वांसमोर होते.

नियोजन कसे करावे?

पहिली गोष्ट, महिन्याच्या सुरुवातीला आपल्या येण्या-देण्याच्या तारखा एका कागदावर लिहाव्यात आणि शेजारी त्या चलनाच्या मोठ्या बातम्यांच्या तारखा मांडाव्यात. ज्या देण्याची तारीख मोठ्या बातमीच्या मागेपुढे येते, त्यावर खूण करावी.

दुसरी गोष्ट, खूण केलेल्या रकमेसाठी बँकेकडे फॉरवर्ड करार करावा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घ्यावा. सगळी रक्कम एकदम बांधण्याची गरज नसते. एक तृतीयांश ऑर्डर मिळताच, एक तृतीयांश बातमीआधी आणि उरलेली बातमीनंतर, अशी विभागणी केली तर सरासरी भाव मिळतो. आपण किंमत ठरवताना जो भाव धरला होता, तो किंवा त्याहून चांगला भाव मिळत असेल, तर अधिक हाव धरू नये. आपला धंदा सुट्या भागांचा आहे.

तिसरी गोष्ट, ऐन बातमीच्या वेळी सौदा करू नये. रिझर्व्ह बँकेच्या घोषणेनंतरची काही मिनिटे भाव वरखाली होत राहतो आणि बँकांच्या खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंदावते. लहान उद्योगांना बँकेचा भाव पडताळून पाहण्यासाठी ‘एफएक्स-रिटेल’ ही व्यवस्था क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ पासून सुरू केली आहे. तिची चौकशी आपल्या बँकेत जरूर करावी.

पंचांगात नसलेले दिवस

काही दिवस कोणत्याच वेळापत्रकात नसतात. १५ जानेवारी २०१५ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीआधीच रेपो दर आठवरून पावणेआठ टक्क्यांवर आणला. त्याच दुपारी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी लावलेली १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढून टाकली आणि फ्रँक काही मिनिटांत प्रचंड वधारला. उधारीवर मोठे सौदे केलेल्यांचे खाते रिकामे होऊन वर देणे उरले; ब्रिटनमधील अल्पारी ही दलाली पेढीही त्यात बुडाली. ४ मे २०२२ ला आपल्याकडे पुन्हा अवेळी घोषणा होऊन रेपो दर ४.४० टक्के झाला. वेळापत्रकही कधी बिघडते. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी थांबले आणि तिथला सप्टेंबरचा रोजगार अहवाल थेट २० नोव्हेंबरला आला. म्हणून बातमी नसलेल्या आठवड्यातही रकमेचा काही भाग बांधलेला असावा आणि तारखा दर सोमवारी पुन्हा तपासाव्यात.

शेवटी तरुण मित्रांसाठी थोडेसे. पाळी संपल्यावर मोबाइलवर ‘बातमीवर डॉलर-युरो खेळा, दुप्पट कमवा’ अशा जाहिराती दिसतात. भारतातील रहिवाशाला चलनाचे सौदे अधिकृत बँकांमार्फत किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांतच करता येतात. परदेशी संकेतस्थळांवर अनामत भरून असे सौदे करणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत कंपन्यांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आहे. मात्र यादीत नाव नाही म्हणजे कंपनी अधिकृत झाली, असे समजू नये. शेअर बाजारातल्या रुपयाच्या वायद्यांसाठीही मे २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे आपले खरे येणे किंवा देणे असावे लागते, मग कागद दाखवावे लागोत वा न लागोत.

येत्या महिन्याचे वेळापत्रक उघडा. त्यातल्या पाच-सहा तारखा कारखान्यातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा आणि त्यांच्या आदल्या दुपारी बँकेला फोन करायचा, एवढे हिशेबनिसाला सांगून ठेवा. भाव काय होईल ते आपल्या हाती नाही, पण त्या दिवशी आपली किती रक्कम उघड्यावर असावी, ते नक्कीच आपल्या हाती आहे.