न बोलावता उघडणारी खिडकी

मुंबईहून निघालेली महानगरी एक्सप्रेस वाराणसी स्थानकात थांबते. यात्रेकरू सामान सावरत बाहेर येतो आणि त्याच क्षणी रिक्षावाले, हॉटेलांचे दलाल, नावाडी, दर्शन लवकर घडवून देऊ म्हणणारे असे सारे त्याच्याभोवती जमतात. त्यांतील पुष्कळ जण पोटासाठी प्रामाणिकपणे कष्ट करणारे असतात. परंतु प्रामाणिक कोण आणि लबाड कोण, हे नुसत्या हाकेवरून ओळखता येत नाही. काशीयात्रेला जाणाऱ्या जुन्या मराठी कुटुंबांनी या अडचणीवर एक साधा उपाय योजला होता. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या मराठी वस्तीच्या परिसरात आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांचे घर विचारत ती स्वतः जात. तेथे वही उघडली जाई आणि तीत आजोबा-पणजोबांचे नाव, गाव आणि यात्रेची नोंद सापडली, की ओळख पटे. विश्वास ठेवण्यापूर्वी पडताळा घेण्याची ही रीत होती.

आज काशीची यात्रा घरातील संगणकावर किंवा मोबाइलवरच सुरू होते. गर्दी मात्र तेथेही भेटते. समजा, साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक काशीतील निवासाची माहिती एखाद्या संकेतस्थळावर वाचत आहेत. चार ओळी वाचून होतात न होतात तोच पडद्याच्या मध्यभागी एक चौकट उभी राहते: ‘दोनच खोल्या शिल्लक, दहा मिनिटांत पैसे भरा.’ ती मिटवावी तर दुसरी येते: ‘सूचना पाठविण्याची परवानगी द्या.’ मागोमाग तिसरी: ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा.’ पहिली चौकट घाई करणारी, दुसरी पुढील त्रासाची सोय करणारी आणि तिसरी उघडउघड घातक आहे. परंतु तिन्हींचा वेष एकच असल्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. अशा आगंतुक चौकटींना ‘पॉप-अप’ म्हणतात.

पॉप-अपचा जन्म

या प्रकाराचा उगम १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. अमेरिकेतील ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर लोक स्वतःची पाने तयार करीत असत. एका मोटार कंपनीची जाहिरात तेथील एका आक्षेपार्ह पानावर झळकली आणि कंपनी नाराज झाली. जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून ती स्वतंत्र खिडकीत उघडण्याची युक्ती ईथन झुकरमन या तंत्रज्ञाने अमलात आणली. पुढे या युक्तीचा एवढा सुळसुळाट झाला, की २०१४ मध्ये झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात लेख लिहून त्याबद्दल क्षमा मागितली.

ब्राउझर बनविणाऱ्यांनी यावर बंदोबस्त केला. ‘ऑपेरा’ आणि ‘मोझिला’ यांच्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टनेही २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीबरोबर ‘इंटरनेट एक्सप्लोरर’मध्ये पॉप-अप रोखण्याची सोय दिली. तिचे तत्त्व सोपे होते: वापरणाऱ्याने स्वतः क्लिक केले असेल तरच नवी खिडकी उघडू द्यावयाची, एरवी नाही. मग जाहिरातदारांनी वेगळी खिडकी सोडून त्याच पानावर आच्छादनासारखी चौकट पसरविण्यास आरंभ केला. ही चौकट पानाचाच भाग असल्याने ती रोखणे अवघड झाले. १५ फेब्रुवारी २०१८ पासून ‘क्रोम’ने उपद्रवी जाहिराती दाखविणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती गाळण्यास सुरुवात केली. २०२० मध्ये ‘फायरफॉक्स’ आणि ‘क्रोम’ या दोहोंनी सूचनांच्या परवानगीची सतत होणारी मागणीही सौम्य केली.

चौकटीच्या आत आणि बाहेर

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ब्राउझरच्या पडद्याचे दोन भाग असतात. वरची पत्त्याची पट्टी ब्राउझरची असते. तिच्याखाली जे जे दिसते, ते सारे त्या पानाच्या कर्त्याने रेखाटलेले असते. तेथे बँकेचे बोधचिन्ह काढता येते, सरकारी मुद्रा काढता येते, ‘विषाणू तपासणी सुरू आहे’ असे भासविणारी सरकती रेघही काढता येते. कोपऱ्यातील फुली हेदेखील एक चित्रच असते. ती दाबल्यावर चौकट मिटेल की दुसरे पान उघडेल, हे चौकट करणारा ठरवितो.

काही पाने तर पूर्ण पडदा व्यापून पत्त्याची पट्टीच झाकतात, कर्कश आवाज सुरू करतात आणि संगणक बंद पडल्याचा आभास निर्माण करतात. वास्तविक संगणकास काहीही झालेले नसते. केवळ एक पान उघडलेले असते. ‘एस्केप’ची कळ काही क्षण दाबून धरली, अथवा ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ आणि ‘डिलीट’ या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, की संकट बहुधा टळते. मोबाइलवर तो टॅबच बंद करावा.

घाबरलेला माणूस मात्र कळ दाबण्याऐवजी चौकटीतील क्रमांक फिरवितो. पलीकडचा गोड आवाज दुरुस्तीसाठी संगणकाचा ताबा मागतो आणि पुढे खात्यातील पैसे जातात. जपानमधील वृद्धांना मायक्रोसॉफ्टच्या नावाने अशाच प्रकारे फसविणाऱ्या टोळ्यांविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने २८ मे २०२५ रोजी भारतात १९ ठिकाणी छापे घातले होते. यात्रेकरूही यातून सुटलेले नाहीत. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रा, धर्मक्षेत्रांतील निवास यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि जाहिराती पसरल्याचा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला. काशी विश्वनाथाच्या सुगम दर्शनाची किंवा आरतीची नोंदणी करावयाची असल्यास मंदिर न्यासाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता टंकून तेथेच जावे, जाहिरातीतून जाऊ नये, ते याचसाठी.

बँकेच्या दारातील प्रश्न

हा विषय केवळ लबाडांपुरता मर्यादित नाही. खात्यातील शिल्लक पाहावयास आलेल्या ग्राहकापुढे प्रत्येक वेळी कर्जाची, कार्डाची, विम्याची चौकट आली, तर तो कोणतीही चौकट न वाचता मिटविण्यास शिकतो. मग एके दिवशी सुरक्षिततेची खरी सूचना येते आणि तीही न वाचताच मिटते. विक्रीच्या हाका वाढल्या, की सावधानतेची हाक ऐकू येईनाशी होते. शाखेत समोर बसलेल्या ज्येष्ठ नागरिकास आपण पाचव्यांदा तीच योजना ऐकवीत नाही. पडद्यावरही तेवढेच तारतम्य अपेक्षित आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या रचना सांगितल्या आहेत, त्यांत वारंवार भंडावून सोडणे, जाहिरात अन्य रूपात दाखविणे आणि विषाणूची खोटी भीती घालणे यांचाही समावेश आहे.

खात्रीची वही

मग खरे-खोटे ओळखावे कसे? पत्त्याच्या पट्टीतील कुलूप पुरेसे नाही. कुलूप एवढेच सांगते, की मधला मार्ग बंदिस्त आहे. पलीकडचा मालक सज्जन आहे की नाही, हे ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होत असल्याने २०२३ मध्ये ‘क्रोम’ने ते चिन्ह बदलले. बँकांच्या बाबतीत अधिक भरवशाची खूण आता उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५च्या परिपत्रकाद्वारे बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या विशेष नामक्षेत्रात नेण्यास सांगितले. या नावांची नोंदणी हैदराबादची ‘आयडीआरबीटी’ ही संस्थाच करते. वाटेल त्यास ते नाव मिळत नाही. मात्र नावाचा शेवट तोच असावा. त्याच्यापुढे आणखी एक ‘डॉट’ देऊन दुसरे नाव जोडलेले असेल, तर ती जागा बँकेची नव्हे.

ग्राहकांनी पुढील पथ्ये पाळावीत.

• बँकेचा पत्ता स्वतः टंकावा किंवा जपून ठेवलेल्या खुणेवरून उघडावा.
• चौकटीतील क्रमांकावर फोन करू नये. पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांक वापरावा.
• अनोळखी संकेतस्थळास सूचना पाठविण्याची परवानगी देऊ नये. दिली असल्यास ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून घ्यावी.
• कोणाच्याही सांगण्यावरून संगणकाचा किंवा मोबाइलचा ताबा देणारे ॲप उतरवून घेऊ नये.
• पैसे गेल्यास लाज न बाळगता तत्काळ बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक.

साताऱ्याच्या त्या शिक्षकांनी तिन्ही चौकटी न दाबता पान बंद केले, निवासाचा दूरध्वनी क्रमांक अन्यत्र पडताळला आणि मगच खोली राखून ठेवली, तर त्यांचे फार तर पंधरा मिनिटे जातील. त्यांचे आजोबा काशीच्या गल्ल्यांतून उपाध्यायांचे घर शोधत हिंडले असतील, तेव्हा त्यांना याहून अधिक वेळ लागला असेल. पण वहीत आपल्या घराण्याचे नाव पाहिल्यावाचून त्यांनी कनवटीचा पैसा सोडला नसता.