नाव आधी, निवडणूक नंतर: आर्चबिशप पार्करची नेमणूक

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बिशप कसा नेमला जाई, हे समजून घ्यायला मॅथ्यू पार्करची नेमणूक पाहावी. ती मध्येच अडली, म्हणून तिची प्रत्येक पायरी कागदोपत्री उरली.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी कॅथलिक राणी मेरी वारली आणि कँटरबरीचा आर्चबिशप कार्डिनल पोलही त्याच दिवशी गेला. नव्या राणीने, एलिझाबेथने, केंब्रिजच्या पार्करला हेरले. तिच्या आईच्या, अ‍ॅन बोलीनच्या, सेवेत तो धर्मगुरू होता. हे पद आपल्याला झेपणार नाही, असे त्याने परोपरीने कळवले. कोणी ऐकले नाही.

हेन्री आठव्याच्या १५३४च्या कायद्याप्रमाणे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना निवडणुकीची राजाज्ञा मिळे. सोबत दुसरे पत्र येई, त्यात कोणाला निवडायचे त्याचे नाव! ते डावलणाऱ्याच्या नशिबी जप्ती आणि तुरुंग. १ ऑगस्ट १५५९ रोजी पार्कर असा ‘निवडून’ आला. याला निवडणूक म्हणवत नाही. तरी जुना विधी मोडला नाही असे दाखवायला राजसत्तेला तो हवाच होता.

खरी अडचण पुढे आली. बिशपला अभिषेक बिशपच करू शकतो; आर्चबिशपसाठी कायद्याने दुसरा आर्चबिशप आणि दोन बिशप, नाहीतर चार बिशप लागत. मेरीच्या काळातल्या जवळजवळ सर्व बिशपांनी राणीला चर्चप्रमुख मानण्याची शपथ नाकारून पदे गमावली होती. सप्टेंबरमध्ये ज्यांना अभिषेकाची आज्ञा गेली, त्यांतल्या डरहॅमच्या वृद्ध टन्स्टलनेही नकार दिला. अखेर बार्लो, स्कोरी, कव्हरडेल आणि हॉजकिन्स हे चौघे मिळाले. पहिल्या तिघांनी मेरीच्या राज्यात आपली पदे गमावली होती, चौथा दुय्यम बिशप. मग डिसेंबरच्या आज्ञापत्रात एक विलक्षण कलम घातले गेले: या कामात कायद्याची काही उणीव राहिली, तर ती राणीच्या अधिकाराने भरून निघेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म याच कलमात आहे.

९ डिसेंबरला लंडनच्या सेंट मेरी-ले-बो चर्चमध्ये निवड कायम झाली. १७ डिसेंबरला भल्या पहाटे लॅम्बेथच्या चॅपेलमध्ये चौघांनी पार्करच्या मस्तकावर हात ठेवले. त्यानंतर आर्चबिशपच्या जमिनी त्याच्या ताब्यात यायच्या, पण पहिल्या वर्षाचे उत्पन्न सरकारचे.

या अभिषेकाच्या वैधतेवर तीन शतके वाद चालला. १८९६ मध्ये पोप लिओ तेरावा याने अँग्लिकन धर्मदीक्षा अवैध ठरवल्या. पुढच्याच वर्षी कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी त्याला जाहीर उत्तर दिले.