चाळिशीनंतर फोटोग्राफीचा व्यवसाय : राजीनामा देण्याआधी हे गणित नक्की मांडा



"सर, वय ४४ आहे. नोकरीत मन लागत नाही. फोटो चांगले काढतो, सगळे म्हणतात. व्यवसाय म्हणून सुरू करू का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. व्हिडिओमध्ये आपण मुद्दे पाहिले. आकडे मात्र वाचून, कागदावर लिहूनच डोक्यात बसतात, म्हणून हा लेख.

आधी वयाची भीती काढून टाकू. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ सालचा, तोही आपल्या कोलकात्यातला. त्यांच्या हातात पहिला कॅमेरा आला १८६३ मध्ये, म्हणजे ४८ व्या वर्षी! मुलीने आणि जावयाने भेट दिला होता. पुढे त्या जगातल्या नामवंत पोर्ट्रेट फोटोग्राफर झाल्या. आपल्या फोटोंची त्यांनी विक्रीही केली आणि कॉपीराइटची नोंदणीही. त्यामुळे वय आड येत नाही. आड येतात ते घराचे हप्ते. त्याचंच गणित करू.

१) दिवसाचा दर कसा काढायचा?

बहुतेक जण शेजारच्या फोटोग्राफरचा दर विचारतात आणि त्यापेक्षा हजार रुपये कमी सांगतात. त्याचा घरखर्च वेगळा, तुमचा वेगळा. आपला दर आपल्या खर्चावरूनच काढायचा.

एक उदाहरण घेऊ. आकडे तुमचे घाला.

- घरखर्च : महिना ४०,०००
- कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून ३ लाख. आयुष्य ४ वर्षं धरलं तर महिना ६,२५०
- प्रवास, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, फोन : महिना ८,७५०

एकूण झाले महिना ५५,०००, म्हणजे वर्षाला ६,६०,०००.

आता कामाचे दिवस मोजा. एक दिवस शूट केलं की फोटो निवडणं आणि एडिटिंग यात एक-दीड दिवस जातो. शिवाय भेटीगाठी, कोटेशन, वसुली आहेच. त्यामुळे चांगल्या महिन्यातही पैसे देणारे ८ दिवस धरा. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात, पितृपक्षात तर फोनही वाजत नाही. ते ४ महिने ३-३ दिवस धरा. म्हणजे ८ × ८ = ६४ आणि ४ × ३ = १२. वर्षाला ७६ दिवस.

६,६०,००० भागिले ७६ म्हणजे दिवसाला साधारण ८,७००. यात नफा नाही, बचत नाही, मदतनीसाचा पगार नाही. नुसतं पोट भरायला एवढे लागतात. मग ४,००० रुपयांत दिवसभराचं काम घेतलं तर काय होईल? काम भरपूर मिळेल, आणि दर महिन्याला बँकेतली शिल्लक थोडी थोडी कमी होत जाईल. डायरी भरलेली असल्यामुळे वर्षभर ते कळणारही नाही!

कॅमेराही फुकट चालत नाही बरं का. अनेक मॉडेल्सच्या शटरचं आयुष्य दीड-दोन लाख क्लिक धरलेलं असतं. एका लग्नात २-३ हजार क्लिक सहज होतात. म्हणून घसारा दरात धरायचाच.

२) तुमचं भांडवल : मागची वीस वर्षं

लग्नाच्या कामात २२ वर्षांचा मुलगा पहाटे चारला हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत उभा राहतो, आणि दरही कमी लावतो. त्याच्याशी त्याच मैदानात कशाला भिडायचं? त्याच्याकडे नसलेली गोष्ट तुमच्याकडे आहे : एका क्षेत्राची माहिती आणि तिथल्या ओळखी.

एमआयडीसीतल्या कारखान्यात पर्चेसला होतात? मशीन, सुटे भाग, कॅटलॉग यांचे फोटो कोणाला लागतात, बिल कोण पास करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत शिक्षक होतात? स्नेहसंमेलन, वर्गांचे फोटो, माहितीपुस्तिका. हॉटेल लाइनमध्ये होतात? मेन्यू आणि डिलिव्हरी ॲपसाठी पदार्थांचे फोटो. या कामांना मुहूर्त लागत नाही, म्हणजे वरचे ते ४ रिकामे महिने भरतात. दिवाळीआधी तर घरगुती उद्योजकांना प्रॉडक्ट फोटो हवेच असतात.

फक्त त्या कामाचे नियम शिकून घ्या. ॲमेझॉनवर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. एवढं माहीत असलं तरी ग्राहकाला वाटतं, हा माणूस कामातला आहे.

३) कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात १० पेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, ग्राहकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्हीच काढलेला फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचा तर तसं लेखी ठरलेलं हवं. कोटेशनमध्येच एक ओळ घाला. त्यातच फोटो किती, कधी देणार, ॲडव्हान्स किती, काम रद्द झालं तर काय, हेही लिहा. उरलेले पैसे फोटो हातात देण्याआधी घ्यायचे.

४) राजीनामा कधी द्यायचा?

- सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तेव्हा.
- सलग सहा महिने सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन काम केलं असेल तेव्हा. मित्रांची फुकट कामं यात धरायची नाहीत.
- स्वतःचा आरोग्य विमा घेतला असेल तेव्हा. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम सहसा बंद होतो आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी-शुगरच्या वयात हा मुद्दा लेन्सपेक्षा महत्त्वाचा.
- घरच्यांनी हे आकडे पाहिले असतील तेव्हा.

पीएफ मोडून कॅमेरा घेऊ नका. महागडी लेन्स आधी भाड्याने वापरा. तीन कामांत तिचं भाडं वसूल झालं, तर चौथ्या वेळी विकत घ्यायचा विचार करा.

आजचा गृहपाठ : वही घ्या. डाव्या पानावर तुमचा वर्षाचा खर्च आणि कामाचे दिवस लिहून दिवसाचा दर काढा. उजव्या पानावर जुन्या नोकरीतल्या अशा २० जणांची नावं लिहा, ज्यांच्या धंद्याला फोटो लागतात. या रविवारी त्यातल्या तिघांना फोन करा. दर सांगताना आवाज अडखळला तरी चालेल, आकडा मात्र बदलायचा नाही.

शुभेच्छा!