हातातील यंत्रावर आणलेले जुने खेळ : घ्यावेत की न घ्यावेत?

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात एक प्रथा आता चांगलीच रुळली आहे. दूरचित्रवाणीला जोडलेल्या मोठ्या यंत्रासाठी रचलेला खेळ काही वर्षांनी हातात धरून खेळावयाच्या लहान यंत्रावर आणला जातो, आणि पुष्कळदा नव्या खेळाच्या किमतीस विकला जातो. अशा खेळास ‘पोर्ट’ म्हणतात. दिवाळीचे व वाढदिवसाचे पैसे साठवणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाकाठी असा एखादाच खेळ घेणे शक्य असते. म्हणून हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

मूळ खेळ गाजला होता, एवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. शेक्सपियरचे ‘ऑथेल्लो’ थोर खरे. परंतु देवलांचे ‘झुंजारराव’ मराठी रंगभूमीवर रंगले ते रूपांतर चांगले उतरले म्हणून. पोर्टचेही तसेच आहे. मोठ्या पडद्यावरून हातात येताना खेळाचे काय गेले व त्यास काय मिळाले, हे पाहावयाचे.

निंटेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा 1990 सालचा खेळ घ्या. तो 2001 साली ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या हातयंत्रावर आला. मूळ चित्र आडवे 256 व उभे 224 बिंदूंचे. हातयंत्राचा पडदा मात्र 240 व 160 बिंदूंचाच. म्हणजे खेळाडूस वर-खाली पूर्वीपेक्षा कमी दिसू लागले, आणि उडी मारण्याच्या खेळात ही उणीव लहान नव्हे. उजव्या अंगठ्याखालील चार कळांच्या जागी दोनच राहिल्या. गिरकीची उडी खांद्याकडील कळेवर न्यावी लागली. त्या पडद्यामागे दिवाही नव्हता. तेव्हा अंधुक पडद्यावर दिसावे म्हणून रंग उजळ करण्यात आले. हे सारे गेले. पण लुइजी मात्र मारिओहून उंच उडी घेऊ लागला, आणि प्रवासात खेळता येण्याची सोय झाली. ज्याच्यापाशी मूळ यंत्र नव्हते त्यास हा सौदा वाईट नव्हता. ज्याच्या घरी ते होते, त्याने मात्र दोनदा विचार करावयास हवा होता.

2017 साली आलेल्या ‘स्विच’ या यंत्राने प्रश्नाचे रूप पालटले. ते हातातही चालते व दूरचित्रवाणीलाही जोडता येते. त्यावर 2019 साली ‘द विचर 3’ हा 2015 सालचा प्रचंड खेळ आणला गेला. (तो प्रौढांसाठी आहे, येथे केवळ यंत्राच्या दृष्टीने उल्लेख करीत आहोत.) एवढे विस्तीर्ण जग 32 गिगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसविले, हे कौशल्य खरे, परंतु यंत्राची शक्ती अपुरी असल्याने चित्र पुष्कळदा पडद्याच्या क्षमतेहूनही धूसर दिसते. उलट ‘मारिओ कार्ट 8’ हा 2014 सालचा खेळ. त्याचे मूळ यंत्र फार थोड्या घरांत पोचले होते. 2017 साली तो स्विचवर आला तेव्हा पूर्वी निराळे पैसे देऊन घ्यावयाचे मार्ग व गाड्या त्यात समाविष्टच होत्या, आणि चित्रही गुळगुळीत चालते. असा पोर्ट आम्ही निःशंकपणे घेण्याजोगा मानतो.

एक लाभ असा की त्याची जाहिरात फारशी होत नाही, पण विद्यार्थ्यास तोच सर्वांत उपयोगी. पूर्वीच्या कित्येक खेळांत ठराविक ठिकाणी पोचल्याखेरीज प्रगती जतन करता येत नसे. स्विचची कळ दाबली की यंत्र निजते, आणि उघडताच खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो. मधल्या वीस मिनिटांत खेळणाऱ्याला या एका सोयीमुळे जुना, लांबलचक खेळही पेलतो. मात्र दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली अक्षरे लहान पडद्यावर डोळ्यांस त्रास देतात, तेव्हा संवादप्रधान खेळ घेण्यापूर्वी तो हातयंत्रावर चालतानाची चित्रफीत पाहावी. दूरचित्रवाणीवर चालतानाची पाहून काही कळत नाही.

आता मालकीविषयी. ‘किंगडम हार्ट्‌स’चे जुने खेळ 2022 साली स्विचवर आले ते यंत्रात न साठता दूरच्या संगणकावर चालणारे, इंटरनेट अडखळले की खेळ अडखळतो. आगगाडीत तो निरुपयोगीच. निंटेंडोने वी यू आणि 3डीएस या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतील विक्री 27 मार्च 2023 रोजी बंद केली. मूळ प्रत मिळेनाशी झाली की पोर्टचे मोल साहजिकच वाढते. तरी या भीतीने घाई करू नये. ‘सुपर मारिओ 3डी ऑल-स्टार्स’ हा तीन जुन्या खेळांचा संच 2020 साली काढताना 31 मार्च 2021 नंतर तो विकला जाणार नाही असे कंपनीने सांगितले होते. मुदत ही विक्रेत्याची सोय असते; तिच्यामुळे खेळ अधिक चांगला होत नाही.

निवड असेल तर आम्ही कार्ट्रिजच घेऊ. ते मित्रास देता येते, विकताही येते, आणि 2025 साली आलेल्या स्विच 2 वरही स्विचची बहुतेक कार्ट्रिजे चालतात. फक्त वेष्टन नीट वाचावे : स्विच 2 साठीच्या काही कार्ट्रिजांत खेळ नसून केवळ त्याची किल्ली असते, आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो.