हात चावणाऱ्या मुलाचं म्हणणं काय?

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातली एखादी ठाकूरवाडी डोळ्यांसमोर आणा. लावणीचे दिवस, मोठी माणसं खाचरात. घरात नऊ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा, बोलता न येणारा. जेवायला बसवलं की ताट भिरकावतो, स्वतःचा हात चावतो. शेवटी आई त्याच्या कमरेला दोर बांधते, दुसरं टोक पडवीच्या खांबाला. तिला दोष देणं सोपं आहे. पण ओढा भरून वाहत असताना मूल बाहेर गेलं तर काय, ही तिची भीती खरीच असते.

‘सकारात्मक वर्तन साहाय्य’ शिकलेली व्यक्ती अशा घरात आली, तर दोरापासून सुरुवात करत नाही. आधी मुलाचं तोंड, कान, पोट तपासून घेते. किडलेली दाढ, कानातला पू, बद्धकोष्ठ. बोलता न येणाऱ्याचं दुखणं अनेकदा चावण्यातून बाहेर येतं. दाढ ठणकत असताना बाकी सगळे उपाय फुकट.

मग वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. ‘फार त्रास देतो’ ही नोंद चालत नाही. आईला लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा चालतात. काही दिवसांत दिसू लागतं, की चावल्यावर कुणी धावत येतं, नकोसं टळतं, हवं ते मिळतं, की ती क्रियाच त्याला हवीशी वाटते.

अमेरिकेतले एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की तेच काम साधणारा शब्द किंवा खूण मुलाला शिकवली तर त्रासदायक वर्तन कमी होतं. ‘पुरे’ म्हणायला ताटावर आडवा हात, इतकं साधं. मात्र खूण केल्याबरोबर ताट उचललं गेलं पाहिजे. चावल्याने काम लवकर होत असेल, तर मूल चावणारच.

आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेतील रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनाची मोजपट्टी तयार केली. विशेष शिक्षण आणि पुनर्वसन मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात वर्तनाचा भाग असतोच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेत तर २०१८च्या नियमांनुसार बांधण्या-कोंडण्यासारखा उपाय वापरायचा असेल, तर लेखी योजना लागते. तो उपाय कमी करत बंद कसा करणार, हेही तिच्यात यावं लागतं. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अमानुष वागणुकीपासून संरक्षण दिलं आहे. कायदा वाडीपर्यंत चालत जात नाही, माणूस जावा लागतो.

म्हणून या अभ्यासाची खरी परीक्षा वर्गात होत नाही. आई, आजी, अंगणवाडी ताई या तिघींनी एकाच खुणेला एकच प्रतिसाद द्यावा, हे त्यांच्या बोलीत समजावणं पदवीतला सर्वांत कठीण धडा. त्यासाठी विद्यार्थ्याने काही आठवडे तरी अशा घरांत काढायला हवेत.

दोर एका दिवसात सुटत नाही. आधी जेवणापुरता, कुणी शेजारी असताना काढायचा आणि वहीत लिहायचं. मग शेजारची आजी दुपारी तासभर येऊन बसेल का, ते विचारायचं.