उतारावर न्यूट्रल केल्यानं तेल वाचतं का?

नसरापूरहून पुण्याला निघालो की चेलाडी फाट्यावर आपण हायवेला लागतो. पुढे खेड शिवापूरचा टोलनाका, मग कात्रजचा नवा बोगदा आणि बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. आजचा विषय आम्ही या उतारासाठीच घेतलाय. तेल वाचवण्याच्या आपल्या बऱ्याच युक्त्या निरुपद्रवी असतात. एक मात्र जीवघेणी आहे.

निरुपद्रवी आधी उरकून टाकू. शंभरऐवजी एकशेदहाचं पेट्रोल टाकलं की माप मारता येत नाही, असं म्हणतात. अहो, पंपाचं मीटर लिटर मोजतं, रुपये हा नुसता गुणाकार. मीटर खोटं असेल तर ते एकशेदहालाही खोटंच राहणार. शंका आली तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागा. फरक २५ मिलिलिटरच्या आत हवा. दुसरी युक्ती पहाटेच्या गारव्यात भरण्याची. थंडीनं पेट्रोल आकसतं हे खरं, १ अंशाला हजारात साधारण १ भाग. पण टाकी असते जमिनीखाली, तिला पहाट आणि दुपार यातला फरक फारसा कळत नाही.

सिग्नलला इंजिन बंद करणं ही मात्र चांगली सवय. मिनिटभर थांबायचं असेल तर जरूर करा. घोटाळा होतो तो हीच सवय उतारावर नेली की. गाडी आपोआप पळतेय, मग टाक न्यूट्रल, फिरव चावी!

कार्बोरेटरच्या जमान्यात या समजुतीला थोडा आधार होता. गिअरमध्ये उतरतानाही इंजिन हवेबरोबर पेट्रोल ओढत राहायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तसं नाही. गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंधन तोडलं जातं. खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरावं लागतं, म्हणून थोडं का होईना, तेल जळतंच. (सपाटीच्या जवळच्या उतारावर न्यूट्रलची गाडी लांब घरंगळते, तिथला हिशेब वेगळा निघू शकतो. पण जिथे ब्रेक धरूनच उतरायचंय, तिथे गिअरच स्वस्त.)

इंजिन बंदच केलं तर? २५ टनांचा ट्रक १० मीटर खाली आला की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर ७ लिटर पाण्याला उकळी येईल. दर १० मीटरला इतकी! गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन गिळतं. नाहीतर सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापले की लायनरची पकड सुटते. त्यात इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, दर वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी होणार. पॉवर स्टिअरिंगही गेलं. कारमध्येही दोनचारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड ट्रकनं कितीतरी गाड्या चिरडत नेल्या. चालकानं डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं.

आता कुणी म्हणेल, मुंबईच्या लोकलचा मोटरमन हेच करतो की. स्टेशनच्या बराच आधी मोटरची वीज तोडून गाडी नुसती धावू देतो. बरोबर आहे. पण त्याचा कॉम्प्रेसर चालूच असतो. शिवाय नव्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनरेटर होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. ट्रकला अशी सोय नाही, त्याला आधार गिअरचाच.

आणि तो गिअर बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच खाली आणायचा. एकदा वेग चढला की भरलेल्या ट्रकचा खालचा गिअर पडत नाही. मग तो न्यूट्रलमध्येच अडकतो, चालकाची इच्छा असो वा नसो.

चला, आता प्रश्न घेऊ.